उसने पाय

१

शिलाईचं मशीन सुरू झालं की सकाळ झाली, असं तपासनिसांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. खोलीला खिडकी एकच, आणि तीही हातभर अंतरावरच्या भिंतीकडे उघडणारी. उजेडावरून वेळ कळायची सोय नाही. खाली मशीन आधी दोन-चार टाके घालून थांबायचं, घसा खाकरल्यासारखं. मग एका दमात लांब शिवण. ती संपली की जिना वाजायचा आणि शिंपीणबाई वर यायच्या. हातात गरम पाण्याचं घमेलं, खांद्यावर टॉवेल, ओठांत टाचणी. टाचणी न काढता बोलायची त्यांना सवय होती.

"काय म्हणतोय ताप?" असं त्या विचारतील या अपेक्षेने तपासनीस उशीवर जरा वर सरकत. त्या तसं कधीच विचारत नसत.

"पाय कसे आहेत आज?"

"पायांना काय झालंय? छातीत कफ आहे माझ्या."

"तो होईल हो बरा. पाय दाखवा."

पलंगाच्या कडेला बसून त्या त्यांची पावलं पाण्यात सोडायच्या, टाच हातात घेऊन उलटीपालटी करून बघायच्या, कापडाचा पोत बघावा तशी. मग पुसून, मलम लावून, पातळ कापडाची पट्टी गुंडाळून पुन्हा पांघरुणाखाली ठेवायच्या. सगळं इतक्या मायेने, की ज्या माणसाला आपल्या पायांना बायकोशिवाय कुणी हात लावलेला आठवत नव्हता, तो माणूस छताकडे बघत गप्प पडून राहायचा.

पहिले काही दिवस त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. तापात माणसाला सगळंच रास्त वाटतं.

२

तपासनीस म्हणजे पोलिसातले नव्हेत. विमा कंपनीतले. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, गाडी दरीत गेली, की ती खरंच गेली का हे बघायला जायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही नाही. साहेबाचा फोन येवो, नाहीतर साहेबाच्या साहेबाचा. ऑफिसात त्यांना 'प्रत्यक्षसाहेब' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. लोक खोटं बोलतात याचा त्यांना राग नव्हता. खोटं बोलताना डोळ्यांत पाणी आणतात याचा होता. जळक्या दुकानासमोर मालक छाती पिटून घेतोय आणि माल आधीच मेव्हण्याच्या माळ्यावर पोचलेला. अशी नोकरी केलेला माणूस दूध सोडाच, ताकही फुंकून पितो.

घरीही तो फुंकूनच प्यायचा. "बाबा, तुम्ही माझं ऐकत नाही," लेक एकदा म्हणाली होती, "तपासता." त्यानंतर तिने फारसं काही सांगणंच सोडलं.

ही पदयात्राही तिचीच अट. ती लहान असताना एका आजारातून उठली, तेव्हा तिच्या आईने टेकडीवरच्या देवस्थानापर्यंत पायी जायचा नवस बोलला होता. आज जाऊ, उद्या जाऊ करताकरता आई गेली. आता लेक देश सोडून निघाली होती, कायमची, आणि जाण्याआधी तिने एवढंच सांगितलं, "आईचं राहिलेलं चालणं तुम्ही पुरं करा. सबंध. एक पाऊलही गाडीत नाही. शेवटच्या दिवशी मी वर येऊन थांबते. मग बोलू आपण."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काही नाही, बाबा. जाईन मी."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नव्हती.

म्हणून तपासनीस निघाले. नवस-सायासावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वातानुकूलित गाड्यांतून अर्धी वाट कापून शेवटच्या वळणावर पायी उतरणारे आणि छायाचित्रात घामाघूम दिसणारे प्रतिष्ठित यात्रेकरू बघून तर त्यांचं टाळकं सटकायचं. पण स्वतः मात्र ते इमानाने चालले. आणि अर्ध्या वाटेवर, एका लहानशा गावाच्या वेशीपाशी, रस्ता त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम उभा राहिला आणि त्यांच्यावर येऊन पडला.

पुढचं तुटक आठवतं. बेकरीच्या गाडीतला पावाचा वास. जिना. कोणीतरी ओले कपडे काढतंय. डॉक्टरीणबाई म्हणताहेत, "फुप्फुसाला सूज आहे, हलवू नका." शेजारपाजारचे आत येतात, कोणी घोंगडी ठेवतं, कोणी वाटीभर गरम सूप, कोणी नुसतंच दारात उभं राहून बघतं आणि मान डोलावून जातं. फी विचारली तर डॉक्टरीणबाई हसल्या. घोंगडी कोणाची विचारलं तर शिंपीणबाई म्हणाल्या, "गावाची."

गावाची! तपासनिसांनी तशाही तापात मनात शेरा मारला : हेतू अस्पष्ट.

आणि आणखी एक आठवतं. कपाळावर कोणाचा तरी गार तळवा आणि कानाशी आवाज, "वाट थांबवायची का चालू ठेवायची, दादा?" आजवर न बघता कशालाही होकार न देणारा माणूस डोळे मिटूनच म्हणाला होता, "चालू ठेवा." तो तळवा हलू नये, एवढीच तेव्हा त्यांची इच्छा होती.

३

ताप उतरला आणि डोकं पुन्हा तपासायला लागलं, तेव्हा तपासनिसांनी पहिल्यांदा स्वतःच स्वतःचे पाय बघितले.

डाव्या अंगठ्याखाली फोड. टपोरा, पाणी भरलेला, ताजा. उजव्या टाचेवर दुसरा, फुटलेला. बोटांच्या बेचक्यांत लालसर धूळ.

फोड जुने असतील, त्यांनी स्वतःला समजावलं. पण जुना फोड वाळतो, हा भरत होता. आणि धूळ? शिंपीणबाई तर रोज पाय धुतात. मग झोपेत चालत असू आपण. तापात चालतात माणसं.

ठीक आहे, बघून टाकू. त्यांनी शिंपीणबाईंकडून कापडावर आखायचा खडू मागून घेतला. "कशाला हो?" "उगीच. हाताला चाळा." मग त्यांनी दुपारी पलंगाभोवतीची फरशी त्या खडूच्या भुकटीने सगळी माखून ठेवली. गोदामात चोर आतला की बाहेरचा हे ओळखायला ते पीठ टाकत, तसंच. पाऊल पडलं तर ठसा उमटणार. पांघरूण दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलं आणि दुपारभर ते पापणी न मिटता पडून राहिले. खाली मशीन चालू होतं. गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तपासनिसांची पोटरी आपोआप ताठरली, मग सैल झाली, मग पुन्हा ताठरली. तालात. झोप लागलेली नव्हती, याची ते शपथ घेऊ शकले असते.

भुकटी तशीच होती, साय धरल्यासारखी. एक ठसा नाही. त्यांनी पांघरूण सोडवलं. उजव्या चवड्यावर, सकाळी जिथे काही नव्हतं तिथे, कातडी सोलवटली होती आणि तिच्यात बारीक खडा रुतलेला होता.

त्यांनी तो खडा नखाने काढून तळहातावर घेतला. खडा गरम होता. उन्हात तापलेला.

खिडकीबाहेरच्या भिंतीवर कधी ऊन आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

इतक्यात शिंपीणबाई घमेलं घेऊन आल्या. पांढऱ्या फरशीकडे त्यांनी नुसतं बघितलं, रागावल्या नाहीत. वाकून त्यांची पोटरी दाबली, बोटांनी घडी चाचपावी तशी, आणि जिन्याकडे तोंड करून खाली नवऱ्याला हाक दिली, "अहो, ऐकलंत का? चढ लागला वाटतं!"

"लागणारच आता," खालून बेकरीवाला म्हणाला. "वेळेवर आहेत."

४

"माझे बूट कुठे आहेत?"

शिंपीणबाई एका लांब शिवणीच्या मध्यावर होत्या. तपासनीस जिना उतरून पहिल्यांदाच खाली आले होते, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्याने पांघरूण. दुकानभर अर्धवट शिवलेले कपडे टांगलेले. बेकरीवाला दाराशी खुर्ची टाकून बसला होता. केसांत पीठ असल्याने तो होता त्याहून म्हातारा दिसायचा.

"अरे वा, उतरलात की!" तो म्हणाला. "बसा, बसा. पडाल नाहीतर. परवा आमचा जावई पडला या जिन्यावरून, तोही धडधाकट."

"बूट," तपासनीस म्हणाले. "आणि माझी पिशवी. फोन त्यात आहे."

"पुढे गेलेत," शिंपीणबाई म्हणाल्या.

"पुढे म्हणजे?"

"टेकडीकडे."

तपासनिसांनी नोकरीत चोर पुष्कळ पाहिले होते. पण चोरीचा माल कुठे आहे हे इतक्या सरळ सांगणारा कधी भेटला नव्हता. "कोणी नेले?"

"न्यावेच लागतात," बेकरीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, पोराला गणित सांगावं तसा. "यात्रेकरू आजारी पडून गावात थांबला तर त्याची वाट मोडते. इतकी चाललेली मातीत जाते बिचाऱ्याची. म्हणून आमच्या गावात पाय देतात. त्याचे बूट घालून, त्याची पिशवी घेऊन कोणीतरी पुढे चालू लागतं. माणूस इथे निवांत बरा होतो, वाट तिथे चालू राहते. तुम्हाला विचारलं होतं हो. हिनेच विचारलं."

"अहो, पण असं दुसऱ्याने चाललेलं माझ्या नावावर कसं..." त्यांना हसू आलं. विमा कंपनीत असा दावा कोणी आणला असता तर चहा पाजून परत पाठवला असता. "शुद्ध खुळचटपणा आहे हा! नवससुद्धा भाड्याने?"

"भाडं कुठलं, दादा? आम्ही मागितलं का काही?"

तेच तर. काहीच मागितलं नव्हतं. तपासनिसांना ते पहिल्यांदाच भिववून गेलं. मागणाऱ्याशी भांडता येतं.

"कोण गेलंय?"

"तुमच्या खोलीत आधी असायचे ते," शिंपीणबाई म्हणाल्या. "चांगले आहेत हो. तेही तुमच्यासारखेच ताप घेऊन आले होते. मग राहिले इथेच. चपळ आहेत, तुम्ही चिंता करू नका."

"राहिले इथेच, म्हणजे? त्यांचं घरदार? त्यांच्यासाठी नव्हतं कोणी चाललं?"

"चाललं तर. पोचलंसुद्धा."

"मग ते का नाही गेले घरी?"

शिंपीणबाईंनी दोरा सुईत ओवला. एका डोळ्याने नेम धरत त्या म्हणाल्या, "गेले होते की. जाऊन आले."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

५

लेकीचा नंबर तपासनिसांना तोंडपाठ होता, कारण तो आधी तिच्या आईचा होता. शिंपीणबाईंनी आपला फोन मागताच दिला, वर खुर्चीही सरकवून दिली.

"हॅलो, कोण?"

"मी बोलतोय. बाबा."

पलीकडे लेक हसली. कितीतरी काळाने त्यांनी तिला हसताना ऐकलं, आणि म्हणायचं काय होतं ते विसरले.

"बाबा? अहो, आत्ता तर ठेवला ना फोन तुम्ही! आणि हा कोणाचा नंबर? आवाज का असा बसलाय?"

"आत्ता नाही ठेवला. मी तर..."

"बरं बरं, जेवलात का? की त्या टोपीवाल्या काकांबरोबर गप्पाच मारत बसलात? त्यांना म्हणावं, माझ्या बाबांना वेळेवर झोपू द्या."

टोपीवाला खरा होता. पहिल्या काही मुक्कामांत तो तपासनिसांबरोबर चालला होता, ऊन असो नसो डोक्यावर तीच चेपलेली टोपी. पण त्याच्याबद्दल ते लेकीला कधी बोलले नव्हते. चालायला लागल्यापासून ते तिच्याशी बोललेच नव्हते. वर पोचल्यावर बोलायचं, असं ठरलं होतं.

"ऐक, मी आजारी होतो. एका गावात पडून आहे, खूप दिवस..."

"हो, सांगितलंत ना. पण बरे झालात, चालायला लागलात, तेही सांगितलंत." तिचा आवाज हळू झाला. "बाबा, काल तुम्ही आईच्या चष्म्याचं सांगितलंत ना, रोज सकाळी पुसून ठेवता म्हणून. मी खूप रडले नंतर. तुम्ही असं कधी बोललाच नव्हता माझ्याशी. मी उगीच... जाऊ दे. या लवकर. मी निघालेय."

चष्मा. तपासनीस तो खरंच रोज पुसत. पुसून खणात ठेवत, आणि खणाला किल्ली लावत. हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

आता सांगावं का तिला, की तो मी नव्हे? आणि सांगितलं तर ती काय करेल? हसणं थांबवेल. पुरावा मागेल. आणि पुराव्यादाखल द्यायला त्यांच्याकडे चष्म्याहून खरं काय होतं?

का आपणच तापात बोललो होतो? शिंपीणबाईंसमोर बरळलो, त्यांनी त्या माणसाला कळवलं? असेल. तसंच असेल. पण मग आवाज? लेकीला बापाचा आवाज कळत नाही?

"बाबा, आहात का?"

"आहे," ते म्हणाले. आणि आपण हे कोणाच्या वतीने म्हणालो, ते त्यांचं त्यांनाच उलगडेना.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी जायचं म्हटलं. अडवतील, दार लावतील, या तयारीने त्यांनी आवाज चढवला होता. कोणी अडवलं नाही. शिंपीणबाईंनी एक सदरा आणि पँट काढून दिली. ती त्यांना इतकी अंगाबरोबर बसली, की माप कधी घेतलं असा प्रश्न ओठांवर येऊन राहिला. बेकरीवाल्याने आपले जुने बूट दिले. डॉक्टरीणबाई येऊन छाती तपासून गेल्या.

"चालत पोचणं होणार नाही तुमच्याने," त्या म्हणाल्या. "आजच शेवटचा दिवस ना?"

"मी सोडतो गाडीने," बेकरीवाला लगेच म्हणाला.

तपासनीस थांबले. एक पाऊलही गाडीत नाही. हीच तर सगळी अट होती. गाडीत बसलं की त्यांची वाट मोडली. मग सबंध वाट चाललेला माणूस एकच उरला, आणि तो ते नव्हते. पण न बसावं तर लेक वर त्या माणसाला भेटेल, आणि निघून जाईल.

"बघितलं तर पाहिजे," ते पुटपुटले. आणि बसले.

शिंपीणबाई दारात आल्या. पहिल्यांदाच त्यांच्या ओठांत टाचणी नव्हती. "खोली तशीच ठेवते हं," त्या म्हणाल्या. तपासनिसांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

गाडीत पावाचा वास होता. रस्त्याच्या कडेने यात्रेकरू चालले होते, वाकलेले, काठ्या टेकत. बेकरीवाला रस्ताभर बोलत होता, मैद्याच्या दर्जाबद्दल, जावयाच्या आळशीपणाबद्दल. "बायकोला घाबरत नाही म्हणतो आणि बायको शिंकली की दचकतो," असं म्हणून तो स्वतःच खो खो हसला. तपासनिसांना वाटलं, हा माणूस चांगला आहे. खरोखरच चांगला आहे. सगळ्या जन्मात इतकी चांगली माणसं आपल्याला एका ठिकाणी भेटली नव्हती. मग आपला हात सारखा दाराच्या कडीवर का जातोय?

एका वळणावर पायांची ठसठस थांबली.

हळूहळू कमी झाली नाही, चाललेलं मशीन बंद पडावं तशी थांबली. त्यांनी बूट काढला, पट्टी सोडली. फोड नव्हता. सोलवटलेली कातडी नव्हती. तळवा गुळगुळीत, गुलाबी, कधी जमिनीला न टेकलेल्या तान्ह्या बाळासारखा.

बेकरीवाल्याने तिरप्या नजरेने बघितलं.

"पोचले," तो म्हणाला, आणि गाडीचा वेग थोडा कमी केला. घाई संपल्यासारखा.

७

टेकडीच्या पायथ्याशी गर्दी ओसरत आली होती. ऊन कलतं झालं होतं. पाणपोईच्या कट्ट्यावर टोपीवाला बसलेला दिसला आणि तपासनिसांना अगदी भरून आलं. टोपी तीच, चेपलेली.

"अहो, टोपीवाले!"

टोपीवाल्याने मान वर केली. बघत राहिला.

"ओळखलंत ना? पहिले मुक्काम बरोबर होतो आपण. तुम्ही घोरता म्हणून मी उशी फेकली होती."

"उशी फेकली होती खरी," टोपीवाला सावकाश म्हणाला. "पण ती तर प्रत्यक्षसाहेबांनी. ऑफिसातलं हे नाव त्यांनीच सांगितलं, हसत हसत. तुम्ही त्यांचे भाऊ का? चेहऱ्यात आहे हं थोडं. पण ते जरा भरलेले आहेत, तुम्ही अगदीच वाळलात."

"मीच तो. आजारी होतो मध्ये."

"आजारी तेही होते. एक दिवस दिसले नाहीत, दुसऱ्या दिवशी येऊन गाठलंन् आम्हाला. तेव्हापासून सबंध वाट माझ्याबरोबर आहेत." टोपीवाला सरकून त्यांना जागा करून देत म्हणाला, "आधी फार खडूस वाटले होते बघा. शब्दाशब्दाला उलटतपासणी. आजारातून उठले आणि माणूसच बदलला. देव करो आणि सगळ्यांना असा ताप येवो! आत्ताच वर गेले, लेकीबरोबर. लेक काय बिलगली हो बापाला, सगळा जिना बघत होता."

"त्यांचा चेहरा," तपासनिसांनी विचारलं, "चेहरा कसा आहे त्यांचा?"

"चेहरा?" टोपीवाला गोंधळला. त्याने आठवायचा प्रयत्न केला, प्रामाणिकपणे केला. कपाळाला आठ्या पडल्या. "आता असं बघा... माणूस बरोबर चालत असला की चेहरा कुठे बघतो आपण? आवाज ऐकतो. पाय बघतो."

मग त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या, आधी पाणी प्या तुम्ही. बरं दिसत नाही तुमचं लक्षण."

८

वरपर्यंत पायऱ्या होत्या. तान्ह्या तळव्यांना बुटातला प्रत्येक टाका बोचत होता. मध्ये दोनदा कोणीतरी त्यांना दंडाला धरून चढवलं, एका बाईने आपली काठी देऊ केली. सगळे किती चांगले होते! त्यांना ओरडावंसं वाटलं, नका हो माझ्याशी इतकं चांगलं वागू.

वर फरसबंद अंगण, आणि त्याच्या कडेला बुटका कठडा. कठड्यावर लेक बसली होती. शेजारी एक माणूस, इकडे पाठ करून, पलीकडच्या दरीकडे बघत. त्याच्या पायांत तपासनिसांचे बूट होते. धुळीने लाल झालेले, टाचा झिजलेल्या. लेक त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून काहीतरी सांगत होती, हातवारे करत, लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायची तशी, न थांबता. आणि तो ऐकत होता. मध्ये एकही प्रश्न न विचारता.

तपासनीस थांबले. फिरून जिन्याकडे जावं, असंही क्षणभर मनात आलं.

मग त्यांनी हाक मारली. "चिमणे!"

त्या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारायचा. लेक चटकन वळली. कठड्यावरून उठली. त्यांच्याकडे आली, भरभर, जवळजवळ धावत, आणि तपासनिसांनी दोन्ही हात पुढे केले. ओळखलं. लेक आहे माझी, ओळखणार नाही?

तिने त्यांना दोन्ही दंडांना धरलं.

"काका, बरं वाटत नाहीये का? बसा, बसा इथे. सावकाश."

"मी... मी आहे गं."

"हो, आहात ना. बसा आधी." तिने त्यांना पायरीवर बसवलं, स्वतः समोर उकिडवी बसली. तिचे डोळे काळजीने भरले होते. आईचेच डोळे. त्यांत ओळखीचा लवलेशही नव्हता, आणि मायेला तोटा नव्हता. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "अंग तापलंय हो तुमचं! बाबा, जरा इकडे येता का? ह्या काकांना ताप आहे."

कठड्यावरचा माणूस उठला. फरशीवर त्याची पावलं वाजली, एकसारखी, न दमलेली. तपासनिसांनी मान वर करायचा प्रयत्न केला. पण लेक मध्ये होती, तिच्या मागे मावळतं ऊन होतं, आणि त्या उन्हात एक काळी आकृती वाढत जवळ आली आणि तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. हाताच्या वर जिथे चेहरा असतो तिथे नुसता लख्ख उजेड होता. तपासनिसांचे डोळे पाणावले, तरी त्यांनी ते मिटले नाहीत. काही दिसेना.

"घाई करू नकोस," आवाज आला. "पाणी दे त्यांना आधी."

आवाज इतका ओळखीचा होता, की आपणच बोललो असं वाटून तपासनिसांनी स्वतःच्या ओठांना हात लावला. ओठ मिटलेले होते.

"काका, तुमच्याबरोबर कोणी आहे का?" लेक विचारत होती. "बाबा, आपण सोडू या ना ह्यांना घरी? गाडी आहे माझी खाली."

"सोडू की. विचार त्यांना, कुठे राहतात."

लेक आणखी जवळ वाकली. बहिऱ्याशी किंवा फार आजारी माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "काका, घर कुठे आहे तुमचं?"

तपासनिसांनी पत्ता सांगितला. काही चुकू नये म्हणून सावकाश, ओळीने सांगितला. रस्ता, इमारत, दुसरा मजला, जिना चढून उजवीकडचं दार. किल्ली फिरवताना दार जरा वर उचलून धरावं लागतं, तेही सांगितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच पिवळी आहे, कारण लेकीने चेंडू मारून जुनी फोडली तेव्हा तशीच मिळाली होती, आणि ती बदलायची नाही असं तिच्या आईने बजावलं होतं, तेही सांगितलं. लेक ऐकत होती. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली, थांबली. तिने मागे वळून एकदा वर बघितलं. खांद्यावरच्या हाताने तिला हलकेच थोपटलं. मग ती पुन्हा तपासनिसांकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ती निखळ कणव होती.

"अहो काका," ती अगदी हळू म्हणाली, त्यांना लागू नये म्हणून, "ते तर आमचं घर आहे."

कपाळावरचा हात मात्र तिने काढला नाही.